एका हाताचे दोन धनी

निवृत्ती यमगर यांचा उजवा हात रोज सकाळी त्यांना एक प्रश्न विचारत असे. चार्जरवरून काढून तो कोपराखालच्या थोटकावर चढवला, की आतला बारीकसा संगणक जागा व्हायचा आणि थोटकाच्या कातडीवर हलकी थरथर व्हायची. एकदा थरथरलं तर 'सर्वसाधारण हात', दोनदा थरथरलं तर 'निवृत्तीचा हात'. हवा तो पर्याय आला की निवृत्तीमामांनी मनातल्या मनात मूठ आवळायची, आणि हात त्या रीतीनं चालू व्हायचा. उशीर झाला तर हात आपणहून पहिला पर्याय घ्यायचा. एका संगणकात दोन प्रणाली बसवल्या तर सुरू होताना पडद्यावर यादी येते, तशीच ही यादी. हाताला पडदा नसतो म्हणून ती कातडीवर यायची.

हा हात मिरजेत आमच्या कृत्रिम अवयव केंद्रात तयार झाला. मी वृंदा कोरे, तिथली अभियंता. हात बनवणारे बनवून मोकळे होतात, त्याची पुढची शिकवणी माझ्याकडे असते. आजवर पुष्कळ हात शिकवले. त्यातले बरेचसे हात आपापल्या मालकांपेक्षा हुशार निघाले, हेही सांगून टाकते. मामांची गोष्ट मात्र वेगळी होती.

थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. मामांचा हात चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला, पण हाताकडे जाणाऱ्या नसांना ते कुणी कळवलेलं नसतं. मेंदू 'करंगळी उचल' म्हणाला, की तो निरोप मुकाट थोटकापर्यंत येतो आणि तिथं अडतो. आम्ही तिथं केसाहून बारीक तारा बसवतो, निरोप ऐकतो आणि यंत्राच्या बोटांना कळवतो. उलट दिशेनंही तेच. यंत्राच्या बोटाला लागलेला दाब आम्ही नसेत सोडतो, म्हणून मामांना नसलेल्या बोटांनी लोकर मऊ की राठ ते कळतं. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या नसांची बोली निराळी असते आणि ती शिकायला हाताला कित्येक महिने लागतात. तोवर माणसानं चहा तरी कसा प्यावा? म्हणून सुरुवातीला हजारो लोकांच्या सवयी एकत्र करून घडवलेला 'सर्वसाधारण हात' दिलेला असतो. तो फार गुणी. पेला पुढे आला की धरणार, कुणी हात पुढे केला की हातात घेणार, काही म्हणजे काही पडू देणार नाही. नसेतून अर्धवट निरोप आला तरी बाकीचं तो स्वतःच समजून घेतो.

मामांना हा समजूतदारपणाच नडला.

मामा माणदेशातले, मेंढ्यांच्या बाजारातले दलाल. आता मेंढीच्या कानातल्या चकतीला फोन लावला की तिच्या आई-आज्यांचा इतिहास समोर येतो, लोकरीचा आणि मटणाचा भाव घरबसल्या कळतो. पण करंजवाडीच्या बाजारात चांगल्या मेंढ्याचा सौदा अजून टॉवेलाखाली होतो. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा उजवा हात हातात घेतात, वरून दलालाच्या खांद्यावरचा टॉवेल पडतो आणि आत बोटं बोलतात. कुठलं बोट धरलं, कुठलं पेर दाबलं, यावरून भाव सांगितला जातो, कापला जातो. सगळा पंजा आवळला की सौदा ठरला. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक. एकदा पंजा आवळला की बदल नाही, आणि डावा हात तिथं चालत नाही. म्हणून उजवा गेल्यावर मामा नुसते अपंग झाले नव्हते, मुके झाले होते. आमच्या हातानं त्यांना परत बोलायला लावलं याचा मला फार अभिमान होता.

चैत्रातल्या बाजारानंतर मामा केंद्रात आले ते चेहरा पाडूनच.

"म्याडम, ह्यातला एक धनी काढून टाका," ते म्हणाले. हात टेबलावर ठेवून ते लांब सरकून बसले.

"कुठला धनी?"

"सकाळी इचारतोय न्हवं, कुणाला घिऊ म्हणून? त्यातला पयला. त्यो आमाला नगं."

"झालं काय मामा?"

मामा सांगेनात. मग मी हात संगणकाला जोडला आणि त्याच्याकडूनच काढून घेतलं. भर दुपारी, एकामागून एक सौद्यांत, हात टॉवेलाखाली होता. टॉवेलात वारं शिरत नाही, हात तापत गेला आणि जळू नये म्हणून त्यानं स्वतःला बंद केलं. लगेच परत सुरू झाला. थोटकावर प्रश्न थरथरला. मामा तेव्हा समोरच्याच्या बोटांशी बोलण्यात गुंतले होते, त्यांनी मूठ आवळली नाही. मग पहिला पर्याय आला, सर्वसाधारण हात. त्याला आपल्या पंजात कुणाचा तरी पंजा आहे असं जाणवलं. त्यानं तो अगदी प्रेमानं, पक्का धरला.

"म्हणजे सौदा ठरला," मी म्हटलं.

"ठरला."

"कुणाचा?"

"बिरूचा."

बिरू हाक्के हा मामांचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी एकाच रानात मेंढरं राखली होती. त्यानं आपला फौजदार नावाचा लाडका मेंढा, माडग्याळी जातीचा, विकायला आणला होता. नातीच्या शिक्षणाची सोय करायची म्हणून नाइलाजानं. बाकी कुणाच्या हातात त्यानं तो सौदा दिलाच नसता. विजापूरच्या व्यापाऱ्यानं पहिलंच बोट दाबलं होतं, चेष्टा वाटावी असा भाव, आणि मामांच्या हातानं त्यावर पंजा आवळला. व्यापारी हसत फौजदारला घेऊन गेला. मामांनी आपल्या दोन उत्तम मेंढ्या बिरूच्या दारात पाठवल्या, त्या त्यानं दारातूनच परत धाडल्या. निवृत्तीनं व्यापाऱ्याशी संधान बांधलं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बाजारानंही तेच धरलं. आता मामांच्या टॉवेलाखाली कुणी हात घालणार नव्हतं.

"पण तुम्ही त्यांना सांगितलंत ना, की हात तापला होता? यंत्राची चूक होती?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले होते.

"म्याडम, ह्या हातानं मी गेल्या दिवाळीपासनं बत्तीस मेंढं इकलं. तवा मी म्हटलं का, हात कंपनीचा हाय? तवा माझा. आन आज चुकला तर लगेच कंपनीचा? आसं कसं हुईल?"

"पण खरं तेच आहे."

"आसंल. पर उद्या परतेक दलाल म्हणंल, हात चुकला. मग त्या टावेलाला काय अर्थ ऱ्हायला?"

अशी माणसं मला फार आवडतात आणि त्यांच्याशी वाद घालायला फार जड जातं. "मी बिरूंना फोन करून समजावते" असं म्हणून पाहिलं, तर मामांनी बजावलं, "आजाबात न्हाई. त्यो माझा आन बिरूचा मामला हाय. तुमी फकस्त त्या पयल्याला भाईर काढा."

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. आधी मी यादीतला क्रम बदलला. निवृत्तीचा हात पहिला, सर्वसाधारण दुसरा. मग यंत्राच्या हातावर टॉवेल टाकून माझ्या केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा सोडत बसले. शेजारच्या खोलीतले लोक डोकावून जात होते. हात तापला, बंद पडला, सुरू झाला आणि सरळ सर्वसाधारण झाला. प्रश्न थरथरला, पण उत्तर मिळेना तसा नवा क्रम त्यानं जुमानलाच नाही. कारण शोधलं तर कळलं, की आपण मध्येच बंद पडलो तर मालकाच्या रीतीतच काही बिघाड असावा, असं हात धरून चालतो आणि खात्रीच्या रीतीकडे वळतो. घडवणाऱ्यांनी ते माणसाच्या भल्यासाठीच केलेलं होतं.

मग मी यादीतून ते नावच पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी मामांनी हात चढवला, आणि नाव परत हजर. हा हात दर वेळी सुरू होताना आपलं कोठार तपासतो आणि तिथं जे जे सापडेल त्याची यादी नव्यानं करतो. दारावरची पाटी काढली तरी भाडेकरू घरातच बसलेला होता. तो हलवल्याखेरीज नाव जाणार नव्हतं. म्हणजे सर्वसाधारण हात कोठारातून मुळासकट पुसायचा. आणि तो एकदाच, हात घडवताना भरलेला असतो. पुसला की परत भरता येत नाही.

त्यासाठी आमचे प्रमुख डॉ. किणीकर यांची परवानगी लागणार होती. ते सज्जन आणि अतिशय सावध गृहस्थ. जिना उतरतानाही कठड्याला हात लावूनच उतरतात. त्यांनी मामांना बोलावलं. मामांबरोबर हौसाबाई, त्यांच्या पत्नी, आल्या होत्या.

"यमगर, नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "सर्वसाधारण हात क्षणात सुरू होतो. तुमचा स्वतःचा हात सुरू व्हायला वेळ लागतो, कारण तो आधी तुमच्या नसांशी सूर जुळवून घेतो. आज हा वेळ तुम्हाला जाणवत नाही, कारण मधल्या वेळात सर्वसाधारण हात काम सांभाळतो. तो गेला तर मधला वेळ हात मेलेला असणार. हातात तापलेलं भांडं असेल तर ते पडेल. टॉवेलाखाली असाल तर हात लटकेल आणि सगळा बाजार बघेल. शिवाय तुमची रीत कधी बिघडली तर मागं आधार नाही, अख्खा हात नवा करावा लागेल. हे सगळं कशासाठी? दुपारी सौदे करू नका, एवढं पुरे."

"बाजार दुपारीच भरतो साहेब. मेंढरं लांबनं चालत येत्यात."

"मग टॉवेलाशिवाय करा."

मामा नुसते हसले. तेवढ्यात हौसाबाई पुढे सरकल्या.

"मी बोलू का साहेब? माझं म्हणणं आसं, का त्यो पयला हात ऱ्हाऊ द्या. लई गुणाचा हाय. सकाळी ह्ये आर्ध्या झोपेत हात चढवत्यात, तवा त्यो चालू झाला, का माझ्या हातातली घागर घेतोय. ताट उचलतोय. ह्यांच्या सोताच्या हातानं उभ्या संसारात कदी तांब्या उचलला न्हाई. काढायचाच आसंल तर ह्यांचा काढा."

डॉ. किणीकरांना हसू आवरेना. मलाही नाही. मामा तेवढे गंभीर राहिले. त्यांनी डावा हात बायकोच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "घागर मी उचलीन. शिकीन. पर साहेब, तुमचा त्यो हात लई चांगला हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. त्यो कुणाचा बी हात धरतोय. आन मला ज्याचा धरायचा त्याचाच धरायचा हाय. मेलेला हात चालंल मला. मेला तर मेला, त्यो खोटं तरी बोलणार न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "एका अटीवर. पहिल्या बाजाराला तुम्ही बरोबर जायचं. हात फोनवर जोडलेला हवा."

पुसायला फार वेळ लागला नाही. हौसाबाईंनी आधी हाताला नमस्कार केला, घागरीबद्दल असावा. मग मी आज्ञा दिली आणि कोठार तपासलं. एकच नाव शिल्लक होतं. हात बंद केला, मामांनी चढवला आणि सुरू केला. कातडीवर काहीच थरथरलं नाही. प्रश्न विचारायला आता दुसरं कुणी नव्हतंच. यंत्राची बोटं ढिली लोंबत होती. सूर जुळेपर्यंतचा तो वेळ मला फार लांबलचक वाटला. आणि मग अंगठा हलला, पाठोपाठ करंगळी. हजारो लोकांच्या सवयीत नसलेली एक सवय मामांच्या बोटांना होती, जागं होताना ती आधी अंगठ्याशी घासून घ्यायची. लोकर तपासणाऱ्या माणसाची बोटं होती ती. या हातावर मी वर्षभर काम केलं होतं, पण तो इतका सुंदर मला त्याआधी कधी दिसला नव्हता.

वैशाखातल्या बाजाराला मी करंजवाडीला गेले. लिंबाच्या झाडाखाली मामांची जागा. आजूबाजूच्या दलालांपुढे गर्दी, मामांपुढे मी आणि एक पाण्याचा माठ. ओळखीचे लोक लांबूनच रामराम करून वाट वाकडी करत होते. दुपार चढली तेव्हा जतच्या पलीकडून आलेला एक मेंढपाळ मामांकडे आला. त्याला इथली कुजबुज ठाऊक नव्हती. त्याच्याजवळ एक तरणा मेंढा होता, पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं नाक, रुंद छाती. मामांनी त्याला हातानं चाचपला आणि त्यांचा चेहरा खुलला. "ह्यो इकतो मी तुला," ते म्हणाले.

मेंढा बघायला गर्दी जमली. जमली, पण पुढे कुणी येईना. मग गर्दी फुटली आणि एक उंच, वाळका म्हातारा पुढे आला. मामांनी मान खाली घातली, त्यावरून मी ओळखलं, हे बिरू हाक्के.

फौजदार गेल्यापासून बिरूंच्या कळपाला पैदाशीचा मेंढा नव्हता. त्यांनी या मेंढ्याचे दात बघितले, खूर बघितले, पाठीवरून हात फिरवला. मनात भरला होता हे कुणालाही कळलं असतं. पण सौदा मामांच्या हातात होता.

"दुसरा कुनी न्हाई का ह्याचा दलाल?" बिरूंनी मेंढपाळाला विचारलं.

"न्हाई बा. ह्येच हायती."

बिरूंनी मेंढ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग मामांकडे न बघता त्यांनी उजवा हात पुढे केला. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

मी फोनकडे बघत होते. हात तापत चालला होता. वैशाखातलं ऊन, वर जाड टॉवेल, आणि हे दोघं अशा चेंगटपणानं भाव करत होते की विचारू नका. बिरूंचा चेहरा दगडासारखा, नजर लांब डोंगरावर. मामांची नजर मेंढ्यावर. फोन लाल झाला. मी मामांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. टॉवेल पडला असताना बाहेरच्यानं बोलायचं नसतं, एवढं मला कळत होतं.

फोनवर अक्षरं आली. हात बंद.

बंद पडलेल्या हाताची बोटं सुटतात, मनगट ढिलं पडतं, टॉवेलाचा झोळ खाली येतो. सगळा बाजार डोळे लावून बसला होता. आधीच नाव गेलेल्या दलालाचा हात भर सौद्यात गळून पडला असता, तर त्या झाडाखाली मामा परत बसू शकले नसते. आणि हे माझ्याच हातानं झालं असतं. मी टॉवेलाकडे बघत राहिले. आत्ता पडेल, आत्ता पडेल.

टॉवेल पडला नाही. हललासुद्धा नाही.

बिरूंनी तेवढ्यात डोंगरावरची नजर काढली आणि पहिल्यांदाच मामांच्या तोंडाकडे बघितलं. अगदी जवळून, निरखून. मग एकदम मान वळवून ते मेंढपाळावर खेकसले, "आरं, ह्याचा मागचा पाय बग की. लंगडतोय का काय?"

"न्हाई वो, चांगला हाय."

"चांगला कसा? चालवून दाव. ए, सरका रं, वाट द्या त्याला. चालवून दाव म्हणतोय न्हवं?"

सगळी गर्दी मेंढ्याच्या पायाकडे बघू लागली. मेंढपाळ त्याला गोल फिरवू लागला. मेंढा झकास चालत होता. बिरू मात्र पायाला, खुराला, शेपटीला नावं ठेवत राहिले. एवढा मोठा आवाज त्या वाळक्या देहातून निघेल असं वाटलं नव्हतं. फोनवर अक्षरं बदलली. सूर जुळतो आहे. जुळतो आहे. हात चालू.

बिरूंचं बोलणं थांबलं. टॉवेलाखाली थोडीशी हालचाल झाली, पुन्हा झाली, आणि दोघांचे खांदे एकदम सैल पडले. मामांनी टॉवेल उचलला. दोन पंजे एकमेकांत घट्ट आवळलेले होते. बिरूंनी मेंढ्याची दोरी हातात घेतली आणि तडक गर्दीतून निघून गेले. थोड्या वेळानं आणखी एक जण मामांपुढे येऊन बसला, मग आणखी एक.

संध्याकाळी मामा मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. माझी पिशवी त्यांनी उजव्या हातात घेतली होती. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"मामा, हात बंद पडला होता. मी फोनवर बघितलं. मग टॉवेल खाली का नाही आला?"

मामा चालता चालता म्हणाले, "हात गेल्यावर मला आतलं काय बी कळत न्हवतं, म्याडम. म्हटलं, आता पडला. संपलं. मग जागा झाला."

"आणि?"

ते थांबले. पिशवी डाव्या हातात घेऊन त्यांनी उजवा हात पालथा केला आणि त्याच्याकडे बघितलं.

"जागा झाल्या झाल्या पयलं काय लागलं आसंल? खाली बिरूचा तळवा हुता. त्यानं माझा हात खालनं तोलून धरला हुता."